भिंतीपलीकडची फुलं

विळ्याच्या पहिल्या घावाने वेल तुटला नाही. थोरलीने दातओठ खात दुसरा घाव घातला. तिसऱ्याला अंगठ्याएवढं खोड जमिनीपासून वेगळं झालं.

बरं झालं! आळं करायचं हिने, पाणी घालायचं हिने, आणि वेलाने मात्र भिंत ओलांडून फुलायचं ते धाकट्या जावेच्या अंगणात. निळ्या फुलांचे तुरेच्या तुरे. धाकटी रोज सकाळी स्टुलावर चढून ते खुडायची, एकही मागे ठेवायची नाही, आणि खिडकीतल्या काचेच्या बरणीत लावायची. आयत्या बिळावर नागोबा! येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, "धाकटीच्या हातालाच गुण आहे हो." थोरलीला ते मिरचीसारखं झोंबायचं. काल तर खुद्द तिच्या नवऱ्याने चहा पिता पिता त्या खिडकीचं कौतुक केलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेलाचं बी धाकटीनेच आणून दिलं होतं, पण ते आठवायची ही वेळ नव्हती.

आता मूळही नको, म्हणून तिने कुदळ मारली. ती कशात तरी रुतली. थोरलीने हातांनी माती उकरली, तर खाली कंद. चांगला मडक्याएवढा. नखाने साल सोलून तिने एक कपचा दाताखाली धरला. गोड, रसाळ.

थोरलीला हसूच फुटलं. फुलं तिला आणि हे घबाड मला! जन्मात एकदा तरी पारडं आपल्या बाजूला झुकलं म्हणायचं. कंद कडेवर घेऊन ती भिंतीशी गेली.

"बघ गं! तू वर फुलं मिरवत बसलीस, आणि खाली माझ्याकडे हे पिकलं!"

स्टुलावर उभी असलेली धाकटी आनंदाने ओरडलीच. "पोसला! अहो ताई, फुलं वेलावर राहिली की कंद पोसत नाही. म्हणून तर रोज एकूण एक खुडत होते. आधी बोलले नाही. नसता पोसला, तर पुन्हा डोळे पुसत म्हणाला असतात, माझ्या हातचं काही पिकत नाही."

थोरलीने कंद पोटाशी धरला.

"खाली अजून असतील, त्यांना इतक्यात हात लावू नका," धाकटी म्हणाली आणि फुलं खुडायला वेलाकडे वळली. तिचा हात थांबला.

"पण ताई, आज याची पानं अशी मलूल का हो दिसतायत?"