साखळीचा टाळ

सप्त्याचे दिवस आले की वेल्ह्याच्या गेनबाची टॅक्सी कीर्तनकार बुवांना घेऊन गावोगाव फिरायची. यंदा तिच्या इंजिनातून सारखी खडखड येऊ लागली. मागच्या सीटवरची त्याची बायको सरूबाई त्या ठेक्यावर टाळ्या वाजवत म्हणायची, "अवं, गाडीनंबी टाळ धरला की."

भोरच्या हनीफ मिस्त्रीनं मात्र बॉनेट उघडून कान लावला. "तात्या, टायमिंगची साखळी ढिली पडलीय. तुटली तर इंजिन जागच्या जागी बंद. आजच बदला."

"देवाच्या कामाला लागलेली गाडी हाय ती. तिला काय हुतंय?"

"परदेशी गाड्यांत साखळीऐवजी रबरी पट्टा घालत्यात म्हणं. त्यो न बोलता तुटतो. ही बिचारी आधी सांगतीय. सांगतीय तवर ऐका."

"सप्ता उरकू दे," गेनबा हसत म्हणाला.

काल्याच्या सकाळी गवत कापताना सरूबाईला फुरसं डसलं. गेनबानं तिला मागच्या सीटवर निजवलं आणि पुण्याच्या दवाखान्याकडं गाडी पिटाळली. मार्गासनीच्या अलीकडं इंजिन एकाएकी बंद पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सारं गाव काल्याच्या कीर्तनाला बसलं होतं. गेनबा नुसताच किल्ली फिरवत राहिला.

मागून सरूबाईचा आवाज आला, अगदी क्षीण, पण सुटका झाल्यासारखा.



"अवं, टाळ थांबला... पोचलो वाटतं दवाखान्यात."