साइटवरचा भार

“नुसता शब्द बोल, खुर्शीद. बाकी काय नको,” हारुनने माइक बायकोच्या तोंडाशी धरत बजावलं.

“बोलतंय हो. पण तुमची चाय निवली, ती आदी प्या. कालपासून खोकताव... हां. मुडदुशी.”

झालं! एका माशाच्या नावाआधी एवढं पुराण. हारुनने कपाळावर हात मारला. २००६ साली आखातातल्या रत्नागिरीकरांनी आपल्या बोलीचे शब्द जमवायला साइट काढली होती. ज्याला जे ठाऊक, ते त्याने आवाजासकट टाकायचं. ती सांभाळणारा कुवेतचा मुझम्मिल एकदा सहज लिहून गेला, की हल्ली सर्व्हर रखडतो. बाकीच्यांनी ते मनावर घेतलं नाही. हारुनने घेतलं. मालवाहू जहाजावर तीस वर्षं काढलेला माणूस तो. जास्त भार भरला की काय होतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

मग रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर तो कॉम्प्युटरपुढे बसे आणि माशातला काटा काढावा तसं खुर्शीदचं जास्तीचं बोलणं काढून टाके. चहा गेला, खोकला गेला, ‘रातच्याला झोपलाव नाय ना?’ तेही गेलं. उरे तो दोन सेकंदांचा शब्द. तेवढाच साइटवर चढवायचा आणि मूळ रेकॉर्डिंग पुसायचं. असे चव्वेचाळीस शब्द झाले. आपल्या शिस्तीचा त्याला कोण अभिमान!

पंचेचाळिसावा व्हायच्या आत खुर्शीद गेली. छातीत कळ आली, आणि रिक्षा रत्नागिरीतल्या त्यांच्या राजिवडा मोहल्ल्यातून बाहेर पडेपर्यंत सगळं संपलं होतं.

घर खायला उठलं. तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकून पाहुणे परतले, तेव्हा हारुनने साइट उघडली. त्याला तिचा आवाज ऐकायचा होता, बाकी काही नको होतं. मुझम्मिलचा निरोप येऊन पडला होता. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

‘चाचा, शब्द एवढे तुटक का? चाचीला मोकळेपणी बोलू द्या, तीच तर आपली बोली. सर्व्हरचं आम्ही बघू. ती काळजी तुमची नाही.’

हारुन ढसाढसा रडला. मग पहिल्यापासून एकेक शब्द लावत गेला. सौंदाळा. मतलई. मुडदुशी. आवाज तिचाच, अगदी स्वच्छ.

चव्वेचाळीस शब्द ऐकून झाले. त्यातला एकही ती त्याच्याशी बोलली नव्हती.