माणसाला दाखवा

अंगठा तिने बघताक्षणी ओळखला. नखाला मधोमध उभी चीर. लहानपणी रोपवाटिकेत कात्री तिच्या हातात होती आणि अंगठा धाकट्या भावाचा.

अंगठ्याखाली टोमॅटोचं पान होतं. शेतकरी वेबसाइटवर असे फोटो टाकत आणि पानाला जिवाणूंचा रोग लागलाय का, ते यंत्र सांगे. कचेरीत त्याला सगळे वैद्यबुवा म्हणायचे. वैद्यबुवांचा आत्मविश्वास दांडगा. कुणी चुकून चपलेचा फोटो टाकला, तरी तिला पान समजून निकाल देऊन मोकळे. ते निस्तरायला ती होती. निकाल पटला नाही, तर ‘माणसाला दाखवा’ हे बटण दाबायचं, की फोटो तिच्या टेबलावर.

या पानाला यंत्राने ‘निरोगी’ म्हटलं होतं. तिने फोटो मोठा करून पाहिला. ठिपका नाही, पिवळी कड नाही. मग याला पटलं काय नाही?

फोटोंवर नाव नसे, नुसता खातेक्रमांक; त्यावरून तिने त्याचे आधीचे फोटो उघडले. आठवड्यात आठ. आठही पानं ठणठणीत, आठही वेळा तेच बटण. त्यांत अंगठा दिसत नव्हता, आणि तिने प्रत्येकाला ‘काळजी नसावी’ असं ठरलेलं उत्तर धाडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तो तिच्याशी भांडून घराबाहेर पडला होता. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. त्याआधी तो तिला ‘पानांची डॉक्टरीण’ म्हणून चिडवायचा. मग नंबरच बदलला. गेल्या महिन्यात कानावर आलं, तो दवाखान्यात होता, पार खंगलाय. तेव्हापासून ती घरी पोचली की आई दारातच विचारायची, काही कळलं का.

तिने उत्तराच्या चौकटीत लिहिलं, “पान छान आहे. तू कसा आहेस? आईचा जीव टांगणीला लागलाय.” पाठवलं, आणि चहा निवेपर्यंत पडद्याकडे बघत राहिली.

नवा फोटो आला. पान नव्हतंच. टोमॅटोच्या ओळीत तो उभा होता, गाल भरलेले, दात काढून हसत, चिरलेला अंगठा वर करून. खाली एकच ओळ: “ताई, आता मला तपास.”

वर वैद्यबुवांचा निकाल झळकत होता: ‘निरोगी, अठ्ठ्याण्णव टक्के.’

नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच तिने त्यांची चूक दुरुस्त केली नाही.