एकच खोली शिल्लक

"कुठवर आली तुझी चेटकीण?" उशी काखेत मारून दारात उभ्या नवऱ्यानं पलंगावर कादंबरी वाचत पडलेल्या बायकोला विचारलं.

"सरायीत. बाहेर बर्फ, मागे सैन्य, एकच खोली शिल्लक. त्यात पलंगही एकच."

"दर कादंबरीत एकच कशी गं उरते? आता राजपुत्र म्हणणार, मी जमिनीवर झोपतो."

"म्हणालाच!"

दोघं हसले. मग तो लेकीच्या खोलीत झोपायला गेला.

(लेक शिकायला बाहेर गेली, तेव्हा ती खोली बायकोनंच त्याला आवरून दिली होती. घोरतो म्हणून, चार दिवसांपुरती. लेक आता नोकरीलाही लागली.)

भिंतीपलीकडून आवाज आला, "मग? झोपला का जमिनीवर?"

तिनं पुस्तक मिटलं.

"नाही. तिनं झोपू दिलं नाही."

त्या रात्री घोरणं पलीकडून नाही, अगदी शेजारून ऐकू आलं.