दोऱ्याचा जोड

बसा की. तुमचं पंक्चर निघेपर्यंत एक गोष्ट सांगतो, याच शेडमधली. छोटीच आहे, पण नीट ऐका, शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

म्हातारा मिस्त्री सुनेच्या गाडीत उपडा पडला होता. मागचं सीट काढून भिंतीला टेकवलेलं, त्याचे पाय दारातून बाहेर. सून शेजारी उभी, हातात त्याचा चष्मा. तक्रार एकच. टाकी भरली तरी पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या वर येत नाही, आणि थोडं चाललं की तळाला टेकतो.

"टाकीतला तरंगा, तो पेट्रोल मोजणारा फ्लोट, गेलाय असं हे म्हणतात," ती म्हणाली. "नवीन मागवलाय म्हणे. वर्ष झालं, येतोयच तो."

"तुझा नवरा आहे, पण पोरगा माझाय," म्हातारा आतून खेकसला. "लोकांच्या गाड्या तासात काढतो. घरची गाडी म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो."

पोरगा याच शेडमध्ये बापाच्या हाताखाली शिकला. त्या दिवशी तो सामान आणायला गेला होता. बायकोच्या गाडीत पेट्रोल तोच भरून आणायचा, आणि वर बजावायचा, काट्याचा भरवसा नाही, लांब जाऊ नकोस, घाटात बंद पडलीस तर कोण येणारे? ती बिचारी बाजारापलीकडे जायची नाही.

मग एक दिवस घाटापलीकडून तिच्या आईचा निरोप आला. जीव घाबरा होतोय, ये. नवरा फोन उचलेना. ही एकटीच निघाली. घाटाच्या तोंडाशी काटा तळाला गेला, लाल दिवा लागला. ती भ्याली आणि मागे फिरली. संध्याकाळी आई गेली, सारखं दाराकडे बघत.

तेव्हापासून सून घास चिवडत बसायची. आपण घाबरट, आपल्यामुळे आई एकटी गेली, हे तिनं मनाला लावून घेतलं होतं. म्हाताऱ्याला ते बघवत नव्हतं. पोरगी गाडी घेऊन आली तसा हातातलं काम टाकून तो आत शिरला होता.

आधी त्यानं तरंगा मीटरनं मोजला. ठणठणीत. मग टाकीकडे येणारी वायर सुटी करून बॉडीला टेकवली. अशानं काटा भरलेल्यावर उडायला पाहिजे.

"गेला वर?"

"पावावरच अडलाय, बाबा."

मग पुढे येऊन डॅशबोर्डच्या मागे तीच वायर टेकवली. काटा टुणकन वर. म्हणजे काटा चांगला, तरंगा चांगला. खोट मधल्या वायरीत.

दाराच्या पट्टीखालून तो वायर बोटांनी चाचपत आला. ड्रायव्हरच्या सीटखाली बोटाला फुगवटा लागला. त्यानं टेप सोलली. आत एक बारकासा रेझिस्टर जोडलेला. काटा मुद्दाम खाली ठेवायला दुसरं काही लागत नाही. आणि दोन्ही जोडांवर घट्ट गुंडाळलेला सुती दोरा.

आता बघा, म्हाताऱ्याला सगळे दोरामिस्त्री म्हणतात. उन्हानं टेपचा गोंद सुटतो, म्हणून जोडावर आधी दोरा, मग टेप, ही त्याची रीत. लोक चेष्टा करायचे, मिस्त्री, गाडी दुरुस्त करताय का उशी शिवताय? असा जोड दोनच हात करतात. एक त्याचे. दुसरे त्यानं स्वतः शिकवलेले.

म्हातारा तसाच पडून राहिला. मग रेझिस्टर कापून काढला, वायर सरळ जोडली, सवयीनं वर दोरा गुंडाळला. किल्ली फिरवली. काटा चढला आणि भरलेल्याजवळ जाऊन थांबला.

"काय निघालं, बाबा?"

त्यानं रेझिस्टरवर मूठ मिटली. काटा खरं बोलायला लागला होता.

"उंदीर, पोरी," म्हातारा म्हणाला. "कुरतडली होती वायर. यात कुणाचाच दोष नाही."

तिनं त्याचा चष्मा पदरानं पुसून त्याच्या हातात दिला. सीट स्वतःच उचलून जागेवर बसवलं.

"उंदीर दोरा बांधतो, बाबा? वर टेप लावतो?"

म्हाताऱ्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"परवा मी स्वतः पंपावर गेले. काटा तळाला, आणि जरासं भरलं तर टाकी ओसंडली. काल सीटखाली हात घातला, टेप सोलून बघितली, परत गुंडाळली." ती गाडीत बसली. "गाडी तपासायला आणलीच नव्हती मी. तुम्ही खरं सांगता का, ते बघायचं होतं."

ती गेली ती गेलीच. पेट्रोल किती आहे ते तिला आता दिसत होतं.

मिस्त्री अजून येतो शेडवर, पण वायरिंगचं काम घेत नाही. तो बघा, चाकापाशी बसलाय, तुमचं पंक्चर काढतोय तोच. आणि पोरगा तिकडे वळणावर गाड्या थांबवून विचारत असतो, राखाडी गाडी पाहिली का, डाव्या दिव्याला चीर आहे. तुम्हालाही विचारेल. तुमचा रोजचाच रस्ता तो, कधीतरी दिसेलही ती तुम्हाला. दिसली, तरी एवढं करा माझ्यासाठी. नाही दिसली म्हणा.