लिंबू न दाखवता

"गिळायचं नाही, बाबा. मान खाली. ओठ नळीला."

वडिलांनी नळी दोन बोटांत धरली होती, ट्रम्पेट धरावा तशी. पंधरा मिनिटं झाली. नळी कोरडी. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंडाचं पार वाळवंट केलं होतं.

समोर बर्फाचं भांडं. शेजारी फॉर्म.

*वय:* बहात्तर.
*तक्रार:* हिरड्यांची जुनी सूज. वरचे पुढचे दोन दात हलतात.
*रक्त पहिल्यांदा कधी आलं:* सहा वर्षांपूर्वी.
*नमुना:* लाळ. आपोआप आलेली.

'आपोआप'खाली मुलीनेच रेघ मारली होती. हिरड्यांमधल्या दाहाच्या खुणा लाळेत उतरतात. त्या ती या प्रयोगशाळेत मोजायची. आंबटाने, नुसत्या त्याच्या आठवणीनेही, सुटलेली लाळ पातळ असते, आकडा खोटाच कमी येतो. आकडा कमी, तर दात राहणार. जास्त, तर काढणार. आणि दात गेले की ट्रम्पेट गेला. अजून रोज संध्याकाळी गच्चीत ते वाजवायचे, तो एक सूरसुद्धा.

एकाएकी नळीत लाळ उतरू लागली. एक रेघ. दोन. तीन.

वडिलांचे डोळे हसत होते.

रविवार. बाग. लोखंडी गोल मंडप. बँडच्या पहिल्या रांगेत बाबा, कोटाची बटणं चकचकीत. समोर गवतावर सात वर्षांची ती. हातात अर्धं लिंबू. बाबांनी एकट्याने वाजवायची जागा आली आणि तिने, गंमत म्हणून, लिंबू चाटलं. तोंडाला पाणी सुटलं की ट्रम्पेट वाजत नाही; सूर फाटला. लोक हसले.

पुढच्या रविवारी बाबा शेवटच्या रांगेत. तिथून पुढे कायमचे.

तेव्हापासून घरात तिचं नाव लिंबू. "हिने माझी खुर्ची घालवली हो," ते पाहुण्यांना हसत सांगायचे. ती पाणी आणायला आत जायची.

"बाबा, लिंबू आठवलंत ना?"

"तूच समोर उभी. दुसरं काय आठवणार?"

"मग हा नमुना बाद."

"अगं, कमी येईल ना आकडा? येऊ दे की. दात माझे, मशीन तुझं. घरच्या घरी काम."

"इथे खोटं चालत नाही, बाबा."

तिने भरलेली नळी कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली. नवी काढली. तिच्यावर त्यांचं नाव लिहिलं. वडिलांनी ती बाजूला ठेवली. मग त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला, चष्मा वर सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे सहा वर्षं खोड, लिंबू."

"मग काय लिहू?"

"बागेतला रविवार लिही. तू लिंबू चाटायच्या आधीच तोंड रक्ताने भरलं होतं गं."