खिडकीखालची भरती

जन्मभर बंदरात जहाजं सुखरूप आत आणणाऱ्या अण्णांची दृष्टी गेली, तेव्हा घराच्या खिडकीखाली अजून समुद्र होता. पुढे तिथे भराव पडला आणि त्यावरून आठ पदरी रस्ता गेला. भरावाच्या कामावर मुकादम होता तो त्यांचाच थोरला मुलगा. मातीचे ट्रक ‘बंदराची डागडुजी’ म्हणून खपून गेले. अण्णांना खरं सांगायचं कोणी, म्हणून कोणीच सांगितलं नाही.

रस्ता सुरू झाला त्या सकाळी अण्णांनी कान टवकारले. "कसला रे आवाज?"

थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "भरती आहे, अण्णा."

"बरं," अण्णा म्हणाले.

तेव्हापासून कामावर निघताना त्यांच्या हातात चहा द्यायचा आणि भरती आहे म्हणून सांगायचं, हे थोरल्याच्या अंगवळणीच पडलं. एखाद्या सकाळी बाहेर सामसूम असली, की तो ओहोटी सांगायचा. अण्णांचं त्यालाही "बरं" असायचं. आपण खोटं बोलतो, हेसुद्धा आता त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

आजही बाहेर सामसूम होती. थोरला अंघोळ न करताच पेपर घेऊन बसला होता. "ओहोटी आहे," पानावरून नजर न काढता त्याने सांगितलं.

अण्णांनी चहा संपवला आणि चाचपत कप खाली ठेवला.



"वर्ष झालं, विचारीन विचारीन म्हणतोय," ते म्हणाले. "समुद्राला रविवारची सुट्टी कधीपासून मिळायला लागली?"